बर्फावरची चाके

गेली काही वर्षे आपल्याकडील शहरांतील सायकलींच्या दुकानांत एक नवलाचा प्रकार दृष्टीस पडू लागला आहे. सांगाडा नेहमीच्या सायकलीसारखाच, पण टायर मात्र मनगटाहून जाड! मुलांचे डोळे प्रथम तिच्याकडेच वळतात. गावातील एखादा मुलगा ती पाहून येतो, घरी हट्ट धरतो आणि किंमत ऐकून वडील कपाळाला हात लावतात. बरे, ती घेतलीच, तर थोड्याच दिवसांत मुलाच्या ध्यानी येते, की डांबरी सडकेवर ही सायकल मोठी आळशी आहे. शेजाऱ्याची जुनी काळी सायकल झपकन पुढे निघून जाते आणि ही मागे धापा टाकीत राहते.

यात दोष सायकलीचा नाही. ज्या भूमीसाठी ती जन्मली, त्या भूमीपासून ती फार दूर आली आहे. ती सडकेसाठी मुळी घडविलेलीच नाही. जेथे महिनोन् महिने मातीचे दर्शन होत नाही, जेथे नद्या गोठून वाटा बनतात आणि जेथे श्वासाबरोबर मिशांवर बर्फ साचते, अशा अलास्का नामक मुलखात तिचा जन्म झाला. तिला जन्म देणारेही कोणी बडे कारखानदार नव्हते. हिवाळ्यात घरी बसून राहणे ज्यांना मानवले नाही, अशा चार सामान्य लोकांनी जुने तुकडे जोडून, ठोकून, शिवून ती उभी केली. त्यांची हकीकत मनोरंजक तर आहेच, पण काही शिकविणारीही आहे. म्हणून आज ती आमच्या वाचकांपुढे मांडीत आहोत.

सोन्याच्या वाटेवरील दोन सायकलस्वार

अलास्का हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अगदी वायव्येचे राज्य. विस्ताराने ते आपल्या भारताच्या निम्म्याहून किंचित मोठे आहे. परंतु २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सात लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढीच भरली. तेथील अनेक गावांना आजही मोटारीचा रस्ता नाही. उन्हाळ्यात मैलोगणती दलदल पसरते. हिवाळ्यात मात्र युकॉनसारख्या विशाल नद्या गोठून टणक होतात आणि त्यांच्या पाठीवरून कुत्र्यांच्या घसरगाड्या धावू लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात वाटा बंद होतात. तेथे थंडी आली म्हणजे वाटा उघडतात!

१८९८ साली अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर नोम येथे सोने सापडले. कॅनडाच्या हद्दीतील डॉसन या गावी सोन्यासाठी आधीच जमलेल्या लोकांमध्ये ही वार्ता पसरताच एकच धांदल उडाली. डॉसनपासून नोम सुमारे १,००० मैल. कुत्र्यांची गाडी करावी, तर कुत्री महाग आणि त्यांना रोजचे खाणे घालावे लागणार. पायी जावे, तर हिवाळा संपून जाणार. तेव्हा काही धाडसी लोकांना सायकल आठवली. हिला खावयास लागत नाही आणि रात्री ती भुंकतही नाही!

एड जेसन नावाच्या गृहस्थाने १५० डॉलर मोजून एक सायकल घेतली. त्याला ती धड चालविताही येत नव्हती. काही दिवस पडत झडत तो शिकला आणि २२ फेब्रुवारी १९०० रोजी डॉसनहून निघाला. घसरगाडीच्या धावांनी बर्फात दाबून काढलेली चिंचोळी रेघ हीच त्याची सडक. चाक त्या रेघेतून जरा बाजूला सरकले, की मऊ बर्फात रुते आणि स्वार डोक्यावर आपटे. एके दिवशी पारा उणे ४० अंशांच्याही खाली उतरला. टायरांचे रबर लोखंडी नळीसारखे ताठ झाले आणि छऱ्यांतील तेल गोठून चाके फिरेनाशी झाली. नाक गोठू लागले, पण ते चोळण्यासाठी हँडलावरचा एक हात सोडण्याइतके कसब अजून अंगी आले नव्हते. तरीही सुमारे महिनाभरात तो नोमला पोहोचला. त्याने बरोबर वृत्तपत्रे नेली होती. हिवाळ्याने जगापासून तोडून टाकलेल्या त्या खाणकरी वस्तीत ती किती आवडीने वाचली गेली असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्याच वर्षी मॅक्स हर्शबर्ग हा विशीच्या उंबरठ्यावरील तरुणही त्याच वाटेने निघाला. त्याच्या निघण्याच्या सुमारास डॉसनमध्ये आग लागली, तिच्यातून पळताना त्याच्या पायात गंजका खिळा घुसला आणि रक्त दूषित झाले. त्यामुळे २ मार्चपर्यंत त्याला थांबावे लागले. हा विलंब त्याला फार महागात पडला. वसंत ऋतू जवळ आला, बर्फ वितळू लागले, आणि शाक्टुलिक नदीच्या पाण्यात पडून त्याने आपली सोन्याच्या कणांची थैली गमावली. पुढे सायकलची चेन तुटली. आता करावे काय? त्याने अंगातील जाड लोकरी कोट काढला, काठीच्या आधाराने तो पाठीमागे शिडासारखा ताणून धरला आणि वाऱ्याच्या जोरावर गोठलेल्या समुद्रावरून सायकल पुढे नेली! १९ मे १९०० रोजी तो नोमला पोहोचला.

पुढच्याच वर्षी, १९०१ साली, नोममध्ये संत योसेफचे चर्च उभे राहिले. त्याच्या उंच मनोऱ्यावरील क्रुसाला विजेचे दिवे लावलेले असत. हिमवादळात सापडलेल्या वाटसरूंना दुरून ती ज्योत दिसे आणि तिच्या रोखाने ते गाव गाठीत. हे चर्च लाकडी असून ते आजही नोममध्ये उभे आहे. त्या ओसाड शुभ्र प्रदेशात एका दिव्याची किंमत काय असते, हे रात्री होडी घेऊन किनाऱ्याकडे येणाऱ्या आपल्या मच्छीमार बांधवांना निराळे सांगावयास नको.

डोंगरउतारावरील भंगार

सोन्याचा उन्माद ओसरला आणि बर्फावरील सायकलही विस्मृतीत गेली. तिचे पुनरागमन व्हावयास पाऊणशे वर्षे लागली, आणि त्याची सुरुवात झाली ती बर्फापासून पुष्कळ दूर, कॅलिफोर्नियाच्या उबदार डोंगरांत.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन या भागात टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुणांना डोंगरातील कच्च्या वाटांनी सायकलवरून खाली उतरण्याचा छंद जडला. शर्यतीच्या नाजूक सायकली तेथे टिकेनात. म्हणून त्यांनी अडगळीतून व भंगारवाल्यांकडून १९३० ते १९४० च्या काळातील जुन्या, फुगीर टायरांच्या, वीस किलोंहूनही जड सायकली शोधून काढल्या. मडगार्ड काढून टाकले, मोटारसायकलीच्या ब्रेकचे दांडे बसविले, हँडल रुंद केले. आपल्या गोव्यात पहाटे पोंऽ पोंऽ असा भोंगा वाजवीत पाव घेऊन येणारा पदेर आपल्या सायकलमागे भली मोठी टोपली बसवितो, ती काही कारखान्याने दिलेली नसते. कामाप्रमाणे अवजार बदलून घेण्याची ही बुद्धी जगात सर्वत्र सारखीच आहे.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी या मंडळींनी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर पहिली शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपासच्या वाटेत सुमारे १,३०० फुटांची उतरण! जुन्या पद्धतीचा मागील चाकाच्या हबमधील ब्रेक दाबून दाबून इतका तापे, की आतील ग्रीस जळून त्याचा धूर निघे आणि प्रत्येक खेपेनंतर नवे ग्रीस भरावे लागे. यावरूनच त्या उताराला ‘रीपॅक’ म्हणजे पुन्हा भरणे असे नाव पडले.

या तरुणांचा एक गुण विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. एकाला जे सुचे, ते तो दुसऱ्यापासून लपवून ठेवीत नसे. १ डिसेंबर १९७४ रोजी मिल व्हॅली येथे झालेल्या एका शर्यतीस कुपर्टिनो गावचे काही तरुण आले. त्यांनी आपल्या जाड टायरांच्या जुन्या सायकलींना गिअर बसविले होते, त्यामुळे त्यांना चढही चढता येत असे. मॅरिनच्या मंडळींनी ते पाहिले मात्र, आणि थोड्याच दिवसांत ती युक्ती त्यांच्याही सायकलींवर आली. पुढे जो ब्रीझ याने १९७७ साली जुन्या सांगाड्याचा नाद सोडून डोंगरासाठी स्वतंत्र सांगाडा स्वहस्ते घडविला. ती पहिली सायकल आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयाच्या संग्रही आहे. १९७९ साली गॅरी फिशर व चार्ल्स केली यांनी टॉम रिची याने बनविलेल्या सांगाड्यांवर सायकली उभ्या करून विकावयास आरंभ केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टम्पजम्पर’ नावाने अशी सायकल मोठ्या संख्येने बाजारात आणली, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. भंगारातून निघालेली वस्तू वीस वर्षांत जगाच्या मैदानावर पोहोचली!

दोन रिमा, एक चाक

डोंगरावरची ही सायकल अलास्कात पोहोचताच तेथील लोकांना वाटले, की आता हिवाळ्यातही घराबाहेर पडता येईल. तेथे इडिटारॉड नावाची जुनी हिमवाट आहे. १९२५ साली नोममध्ये घटसर्पाची साथ पसरली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्या हाकणाऱ्या वीस जणांनी हातोहात प्रतिविषाचे औषध पुढे नेऊन साडेपाच दिवसांत ६७४ मैल पार केले. त्या धावपळीच्या मार्गाचा शेवटचा भाग याच वाटेचा. १९७३ पासून या वाटेने कुत्र्यांच्या गाड्यांची मोठी शर्यत होते. १९८७ साली याच वाटेच्या एका भागावर सायकलींची सुमारे २०० मैलांची शर्यत प्रथमच भरविण्यात आली. तिला ‘इडिटाबाइक’ असे नाव मिळाले.

शर्यत झाली, पण सायकलीवर बसून फारसे कोणाला जाता आले नाही. दोन इंची टायर मऊ बर्फात सुरीसारखा घुसे. बिचारे स्वार उतरून तासन् तास सायकल ढकलीत राहिले.

कारण अगदी साधे आहे. चिखलात पाऊल रुतते. पण फळी टाकली, की त्याच चिखलावरून माणूस चालत जातो. उंटाचा पाय पसरट असल्यामुळे तो वाळूत रुतत नाही. वजन तेवढेच, पण ते अधिक जागेवर पसरले म्हणजे भूमी ते सोसते. टायरचेही तसेच. समजा, एका चाकावर ५० किलो भार आहे. टायरमध्ये ६० पौंड हवा भरली, तर त्याचा जमिनीला टेकणारा भाग सुमारे १२ चौरस सेंटिमीटर असतो, म्हणजे साधारण आगपेटीच्या आकाराएवढा. हवा ६ पौंडांवर आणली, तर तोच भाग दहापट वाढून सुमारे १२० चौरस सेंटिमीटर होतो. परंतु अरुंद टायरमध्ये इतकी कमी हवा ठेवली, तर तो चपटा होऊन रिमच जमिनीवर आपटते. म्हणून टायर रुंद हवा, आणि रुंद टायर धरावयास रिमही रुंद हवी. तशी रिम कोणत्याही दुकानात नव्हती.

मग ज्याने त्याने आपली बुद्धी चालविली. कोणी दोन चाके एकमेकांना जोडून बसविली, कोणी तीन! फेअरबँक्स गावचे सायकल कारागीर सायमन रॅकोवर यांनी दोन रिमा शेजारी ठेवून जोडल्या आणि मधला भाग घासून काढला. पुढे त्यांनी ४४ मिलिमीटर रुंदीची स्वतंत्र रिमच करवून घेतली. ‘स्नोकॅट’ या नावाने ती अलास्काभर प्रसिद्ध झाली आणि पुष्कळ वर्षे तेथील हिवाळी स्वारांचा तोच मुख्य आधार होता. वजन कमी करण्यासाठी कित्येक जण रिमला ओळीने मोठी भोके पाडीत. सांगाड्याच्या मागील चिमट्यात रुंद टायर मावेना, म्हणून चिमटेही नवे घडविले गेले. हिवाळ्याच्या लांब रात्री परसातील शेडमध्ये हे काम चाले, आणि शर्यतीच्या दिवशी प्रत्येक जण दुसऱ्याची सायकल आधी निरखून पाही, मग तिच्या मालकाला नमस्कार करी!

वाळूने बर्फाला दिलेली देणगी

त्याच सुमारास हजारो मैल दक्षिणेस, न्यू मेक्सिकोच्या तापलेल्या वाळवंटात, रे मोलिना नावाचा कारागीर अगदी हाच प्रश्न सोडवीत होता. फरक एवढाच, की त्याच्यापुढे बर्फाऐवजी वाळू होती. त्याने ८२ मिलिमीटर रुंदीच्या रिमा आणि साडेतीन इंची टायर तयार करविले. अलास्कातील पामर गावचे सांगाडे बनविणारे मार्क ग्रोनवाल्ड यांनी एका व्यापारी प्रदर्शनात ते पाहिले आणि तत्काळ ओळखले, की उन्हाळ्याच्या वाळूसाठी जे बनले, तेच हिवाळ्याच्या बर्फासाठी हवे आहे. त्यांनी त्या चाकांना साजेसा सांगाडा घडविला. ‘फॅट बाइक’ म्हणजे जाडी सायकल हे नाव त्यांच्याच कारखान्यातून पुढे आले.

यानंतर २००५ साली मिनेसोटा राज्यातील सर्ली या कंपनीने ‘पग्स्ली’ नावाची सायकल काढली. ६५ मिलिमीटरची रिम, ३.७ इंची टायर, आणि सामान्य माणसाला विकत घेता येईल अशी तयार बनावट. तिच्यात एक मोठी शहाणपणाची सोय होती. पुढचे व मागचे हब एकाच मापाचे असल्यामुळे दोन्ही चाकांची अदलाबदल करता येत असे. कडाक्याच्या थंडीत मागील चाकातील फ्रीव्हील कधी कधी गोठते आणि पायडल नुसतेच गरगर फिरते. अशा वेळी, पुढच्या चाकावर आधीच एक दातेरी चक्र बसवून ठेवले असेल, तर ते चाक मागे लावून माणूस घरी परत येऊ शकतो. पंचवीस-तीस मैलांत दुसरे मनुष्य नसलेल्या प्रदेशात ही सोय चैनीची नव्हे. तिच्यावर जीव वाचणे अवलंबून असते.

याच जातीच्या सायकलीवरून डॅनियल बर्टन हे अमेरिकन गृहस्थ दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाले आणि सामानाची घसरगाडी मागे ओढीत २१ जानेवारी २०१४ रोजी ध्रुवावर पोहोचले. त्यांच्या आधी काही आठवडे, डिसेंबर २०१३ मध्ये, मारिया लायर्स्टॅम या ब्रिटिश महिलेने तीन चाकांच्या सायकलवरून तोच ध्रुव गाठला होता.

घाम हा वैरी

परंतु केवळ यंत्र उत्तम असून भागत नाही. हिवाळ्यात सायकल चालविण्याचे शास्त्र निराळेच आहे, आणि ते आपल्या नेहमीच्या समजुतींच्या अगदी उलट आहे.

आपण म्हणतो, थंडी वाजली तर जोराने हातपाय हलवावे म्हणजे ऊब येईल. तेथील अनुभवी मंडळी म्हणतात, जोर करूच नका! जोर केला, की घाम येतो. घामाने आतले कपडे भिजतात. आणि क्षणभर थांबताच तोच ओलावा बर्फासारखा गार होऊन अंगातली ऊब शोषून घेतो. उणे ३० अंशांत ओला सदरा हा उपाशी लांडग्याहून भयंकर. म्हणून ते पातळ लोकरीचे थरावर थर घालतात, चढ लागण्यापूर्वीच एक थर उतरवितात आणि थांबण्यापूर्वीच पुन्हा चढवितात. पिण्याचे पाणी अंगरख्याच्या आत, छातीशी बाळगतात, नाहीतर ते दगड होते. हातांसाठी हँडललाच मोठ्या उबदार पिशव्या बांधलेल्या असतात आणि हात त्यांत घालूनच ब्रेक दाबावयाचे. धातूचे पायडल बुटांच्या तळव्यांतून ऊब ओढून घेते, म्हणून तेथेही काळजी. कारखान्यातून आलेले जाड ग्रीस हबमधून धुऊन काढून पातळ तेल घालतात. घरातील उबेत भरलेली हवा बाहेरच्या गारठ्यात आकसते, हे जाणून टायरची हवा बाहेर आल्यावरच पाहतात.

सर्वांत मोठा धोका दिसत नाही असा आहे. गोठलेल्या नदीच्या पाठीवर कधी कधी खालचे पाणी फुटून वर येते आणि त्यावर कोवळ्या बर्फाची चादर पसरते. वरून सर्व शुभ्र, सपाट, निष्पाप दिसते. चाक त्यावर गेले, की स्वार घोट्यापर्यंत पाण्यात. एवढ्याने पायांची बोटे गमावण्याची पाळी येते. म्हणून कोरडे मोजे आणि आग पेटविण्याचे साहित्य हाताशी असावेच लागते.

मिनेसोटा राज्यात २००५ पासून जानेवारीच्या अखेरीस १३५ मैलांची ‘ॲरोहेड’ नावाची हिवाळी शर्यत होते. सायकल, पाय किंवा बर्फावरच्या पट्ट्या, यांपैकी कशानेही जावे. प्रत्येक स्पर्धकाने उणे २९ अंश सेल्सिअस थंडी सोसणारी झोपण्याची पिशवी, स्टोव्ह, इंधन आणि आग पेटविण्याचे साहित्य जवळ बाळगलेच पाहिजे, असा तेथील नियम आहे. स्पर्धा संपतानाही काही अन्न शिल्लक असावे लागते. गळ्यात दोरीने शिट्टी बांधावी लागते. कारण थंडीने ओठ इतके बधिर होऊ शकतात, की मदतीसाठी हाक मारता येत नाही. हा नियम वाचताना आमच्या अंगावर काटा उभा राहिला.

उतरून चालण्याची विद्या

आज अलास्कातील जुन्या हिमवाटेवर ‘इडिटारॉड ट्रेल इन्व्हिटेशनल’ नावाची शर्यत फेब्रुवारीच्या अखेरीपासून चालते. निक सरोवराहून निघावयाचे. मॅकग्राथ गावापर्यंतचे लहान अंतर सुमारे ३५० मैलांचे, आणि ज्यांची छाती असेल त्यांनी पुढे नोमपर्यंत, म्हणजे एकूण सुमारे १,००० मैल जावयाचे. वाटेत रेनी पास ही घाट ओलांडण्याची जागा, पुढे जंगल, गोठलेल्या नद्या आणि शेवटी वाऱ्याने झोडपलेला समुद्रकिनारा. अन्नाची पुडकी वाटेवरील खेड्यांच्या पोस्टात आगाऊ पाठविलेली असतात. तेथील मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत एखादी शाळा रात्रीच्या निवाऱ्यास मिळते. २०१४ साली बर्फ थोडे आणि वाट कठीण गोठलेली असताना जेफ ओटली यांनी हे अंतर दहा दिवसांहून थोड्याच अधिक वेळात तोडले. बर्फ मऊ असेल त्या वर्षी हेच अंतर तोडण्यास दुप्पट-तिप्पट दिवस लागतात.

हा फरक कशाने पडतो? उत्तर ऐकून आमच्या तरुण वाचकांना नवल वाटेल. वाट मऊ असली म्हणजे इतकी जाड टायरांची, इतकी विचाराने घडविलेली सायकलही चालत नाही, आणि तिच्या स्वाराला उतरून ती ढकलावी लागते. कधी तासभर, कधी दिवसच्या दिवस. जो नवशिका असतो, तो लाजेने खाली उतरत नाही. तो जोर करतो, घामाघूम होतो, दमतो, आणि संध्याकाळी पारा उतरू लागतो तेव्हा त्याच्या अंगात ऊब निर्माण करण्याइतकीही शक्ती राहिलेली नसते. जो जुना जाणता असतो, तो बर्फाचा आवाज ऐकूनच खाली उतरतो आणि शांतपणे चालू लागतो. त्याची मान खाली जात नाही. पुढे वाट टणक लागली, की तो पुन्हा स्वार होतो. जे नोमपर्यंत पोहोचतात, ते बहुधा असेच असतात.

त्यांच्यात आणखी एक रीत आहे आणि ती आम्हांस फार आवडली. बर्फावर तयार केलेल्या सार्वजनिक वाटेवरून जाताना आपल्या टायरचा माग इंचभराहून खोल उमटू लागला, तर त्या दिवशी सायकल आवरती घ्यावी आणि परत फिरावे. कारण तो माग रात्री गोठून दगडासारखा होतो आणि दुसऱ्या दिवशी बर्फावरच्या पट्ट्यांवरून घसरत येणारा मनुष्य त्यात अडखळून पडतो. आपल्या मजेची किंमत मागून येणाऱ्याने भरावी, हे त्यांना मान्य नाही. दुसऱ्याच्या लावणी केलेल्या शेतातून आडवाट काढणाऱ्या आपल्यांपैकी काहींनी ही रीत ध्यानात घेण्यासारखी आहे.

तर अशी ही जाड टायरांच्या सायकलीची कुळकथा. जेसन व हर्शबर्ग यांची साधी सायकल, कॅलिफोर्नियाच्या तरुणांचे भंगार, फेअरबँक्सची जोडलेली रिम, वाळवंटातील टायर आणि पामरचा सांगाडा, हे सर्व हात एकत्र आले तेव्हा ती घडली. यांतील बहुतेकांनी एकमेकांना जन्मात पाहिलेले नव्हते. प्रत्येकाने आपल्या अंगणापुढची अडचण आपल्या हाताने सोडविली, आणि ती कशी सोडविली ते मागणाऱ्याला मोकळेपणी सांगितले.

आमच्या खेड्यांतील मुलांना आम्ही एवढेच सांगू, की घरातील जुनी सायकल टाकाऊ समजू नका. तिची चाके उघडा, छरे धुवा, तारा आवळावयास शिका. गावच्या सायकलवाल्यापाशी बसून त्याचा हात पाहा. तुमच्या गावची वाट लाल मातीची असेल, काळ्या चिखलाची असेल किंवा समुद्राच्या वाळूची असेल. तिला काय हवे आहे, हे दूरच्या कारखान्यापेक्षा तुम्हांला अधिक ठाऊक आहे. काही सुचले तर करून पाहा, आणि साधले तर शेजारच्या मुलालाही दाखवा. आणि चढ फारच कठीण लागला, तर खाली उतरून सायकल ढकलीत न्या. हजार मैलांची हिमवाट पार करणारे पुरुष व स्त्रिया तेच करतात, आणि तेच मुक्कामाला पोहोचतात.